ॲमकॅसचा 'वर्क अँड ॲक्टिव्हिटीज' विभाग: नोकरी-संसारानंतर मेडिकलला अर्ज करणाऱ्यांसाठी

अमेरिकेत एमडीला (इथली डॉक्टर होण्याची मूळ पदवी) अर्ज करायचा तर बहुतेक कॉलेजांसाठी ॲमकॅस हा एकच सामाईक फॉर्म. मी तो मे महिन्यात उघडला, जूनमध्ये पाठवला आणि आता इंटरव्ह्यूचा हंगाम सुरू असताना हे लिहितेय. पुण्याची बी.ई., मग न्यू जर्सी, मधली वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगची, वय चाळिशीपार. एमकॅट या प्रवेशपरीक्षेवर आणि अर्जातल्या निबंधावर लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय. मला बोलायचंय ते नोकरी आणि सेवाकामाच्या नोंदी जिथे भरतात त्या विभागाबद्दल.

भारतातून शिकून आलेल्यांसाठी हा विभाग जास्तच जड जातो. तिकडच्या पदवीचे मार्क ॲमकॅस जीपीएत, म्हणजे गुणांच्या सरासरीत, धरतच नाही. तिकडे कितीही डिस्टिंक्शन मिळालेलं असो, इथे मोजले जातात ते इथल्या कॉलेजात नव्याने घेतलेले विषय. म्हणजे बावीस ते चाळीस या वयात तुम्ही काय केलंत, हे सांगायला मुख्य जागा हीच. घरी हे समजावणं अवघड गेलं. आपल्याकडे नीट दिली, ७२० पैकी मार्क आले, विषय संपला. २०२२ मध्ये नीटची वरची वयोमर्यादाही काढली, पण चाळिशीतल्या उमेदवाराला तिथेही कोणी विचारणार नाही की इतकी वर्षं काय करत होतात. इथे तेच विचारतात.

फॉर्म दिसायला साधा. जास्तीत जास्त १५ नोंदी. प्रत्येकीला प्रकार, संस्था, तारखा, तास, खात्री करून देणारा माणूस आणि वर्णनाला ७०० कॅरेक्टर्स, तेही स्पेस धरून. त्यातल्या तीन नोंदी 'मोस्ट मीनिंगफुल' म्हणून निवडता येतात, त्यांना आणखी १,३२५ कॅरेक्टर्स मिळतात. ठळक, तिरकं वगैरे काही टिकत नाही, नुसता मजकूर. झालेले तास वेगळे, पुढे होणारे अपेक्षित तास वेगळे. खंड पडून पुन्हा सुरू केलेल्या कामाला तारखांचे चार टप्पेही देता येतात. मुलं लहान असताना काम सोडून परत धरलेल्या बायकांना ही सोय फार उपयोगी, आणि कित्येकांना ती दिसतच नाही.

विशीतल्या मुलांची अडचण १५ रकाने भरायचे कसे, ही. आपली अडचण उलटी. आपल्याकडे सामान जास्त आणि बॅग लहान. म्हणून खरं काम लिहिण्याचं नाही, एकत्र बांधण्याचं. तीन कंपन्यांतलं टेस्टिंग मी एका नोंदीत आणलं. चार डॉक्टरांबरोबर केलेलं शॅडोइंगही (सोबत राहून त्यांचं काम पाहणं) एकाच नोंदीत गेलं. मंडळाचा गणपती आणि दिवाळी अंक यांना मिळून एक, मराठी शाळेतलं शिकवणं मात्र स्वतंत्र ठेवलं, कारण ते 'टीचिंग' या प्रकारात बसतं आणि सलग होतं. १५ पैकी काही रकाने रिकामे राहिले तरी बिघडत नाही. कॉलेजातल्या जुन्या बक्षिसांनी ते भरू नयेत असं माझं ठाम मत आहे.

नोकरीच्या नोंदीत आयटीतली माणसं हमखास टूल्सची नावं लिहितात. वाचणारा डॉक्टर असतो, त्याला सेलेनियम म्हणजे मूलद्रव्यच आठवणार! त्याऐवजी हॉस्पिटलच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये चूक दिसली म्हणून रात्री रिलीज थांबवायला लावलं, मॅनेजरचा रोष घेतला, पुराव्यानिशी पटवलं, एवढं लिहिलं की ७०० कॅरेक्टर्स सार्थकी लागतात. संस्थेची माहिती एका ओळीत संपवायची. मंडळाच्या कामात हे विशेष जड जातं, कारण तिथे श्रेय मंडळाला देण्याची सवय. पण प्रवेश समितीला मंडळाला प्रवेश द्यायचा नसतो.

'क्लिनिकल' कशाला म्हणायचं यावर इथल्या प्रीमेड (मेडिकलची तयारी करणाऱ्या) मुलांचा एक ठोकताळा आहे: पेशंटचा वास येईल इतके जवळ असाल तर क्लिनिकल. ढोबळ आहे, पण कामाचा आहे. हॉस्पिटलच्या भेटवस्तूंच्या दुकानातली सेवा त्यात बसत नाही, भले दुकान हॉस्पिटलच्या आत असो. माझं क्लिनिकल काम हॉस्पिसमधलं, मरणासन्न रुग्णांशेजारी बसण्याचं. नोकरी सांभाळून हे करता येतं, आणि तिथे माणसं कायम हवी असतात, कारण मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या नियमानुसार हॉस्पिसला रुग्णसेवेच्या तासांच्या किमान ५ टक्के स्वयंसेवकांकडून भरून काढावे लागतात. मोस्ट मीनिंगफुलमधली पहिली नोंद हीच.

सगळ्यात जास्त घोळले ते सासूबाईंच्या डायलिसिसच्या वर्षांवर. त्यात काय सांगायचं, घरचंच ते, असं नणंद म्हणाली. मी 'अदर'मध्ये घातलं. मशीनच्या वेळा, पथ्यपाणी, औषधांच्या याद्या, रात्री-अपरात्री इमर्जन्सीत नेणं, हे नोकरीइतकंच नियमित होतं. खात्रीचा माणूस म्हणून नणंदेचंच नाव दिलं. आतापर्यंतच्या दोन्ही इंटरव्ह्यूंत हॉस्पिसच्या खालोखाल प्रश्न याच नोंदीवर आले, टेस्टिंगवर एका ओळीपलीकडे कोणी गेलं नाही.

तासांचं म्हणाल तर गूगल शीट ठेवा: तारीख, तास, कुठे, आणि त्या दिवशीची एक ओळ. ती ओळ तासांपेक्षा मोलाची. इंटरव्ह्यूत 'एखादा प्रसंग सांगा' म्हटलं की तीच उपयोगी पडते. जुन्या कामाचे तास अंदाजानेच येतात, ते गोल आकड्यात आणि जरा कमीच धरावेत. आठवड्याला वीस तासांची सेवा नोकरीसकट दाखवली की हिशेब करणारा हिशेब करतोच.

न आवडलेलं एकच: फॉर्म एकदा पाठवला की नोंदी कुलूपबंद. ऑगस्टपासून घेतलेल्या नव्या जबाबदाऱ्या दाखवायच्या तर कॉलेजांच्या स्वतंत्र सेकंडरी फॉर्ममधून, किंवा जी कॉलेजं अपडेटचं पत्र घेतात त्यांना पत्र पाठवून. म्हणून जे काम सुरू करायचंय ते मे महिन्याच्या आधीच सुरू झालेलं बरं. पाच पैकी चार तारे.

डीओला (ऑस्टिओपॅथिक डॉक्टरची पदवी) अर्ज करणाऱ्यांनी तोच मजकूर उचलून चालणार नाही, त्यांच्या फॉर्मला वर्णनासाठी ६०० कॅरेक्टर्सच आहेत. आणि टेक्सासचा फॉर्म वेगळाच: तिथे हायस्कूलनंतरचा सगळा काळ सलग, मधल्या रिकाम्या महिन्यांसकट मांडावा लागतो. २०१५ च्या आधी एच-फोरवर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) कामाची परवानगीच नसल्याने घरी बसलेल्या मैत्रिणींनो, ती वर्षं तिथे लपवू नका, व्हिसाचं कारण एका वाक्यात लिहा आणि त्या काळात केलेली बिनपगारी सेवा लगेच पुढच्या ओळीत मांडा.