पिकअपचं स्टिअरिंग थरथरत होतं, गॅरेजवाल्याने १२,८०० चा चुना लावला

पिकअप, छोटा हत्ती, मालाची कुठलीही गाडी चालवणाऱ्यांनी हे वाचाच, कारण ही फसवणूक अशी आहे की पैसे मोजून बाहेर पडताना आपणच त्या माणसाला थँक्यू म्हणून येतो. वरून चहाही त्याचाच पिऊन येतो.

आमची पिकअप सीझनला पिंपळगाव बसवंतहून वाशी मार्केटला टोमॅटो घेऊन जाते, बाकी वेळेला मिळेल ते भाडं. आधी कसाऱ्याने जायचो तेव्हा घाट, खड्डे, ट्रॅफिक, गाडी एका स्पीडला चालायचीच नाही त्यामुळे काही कळायचं नाही. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा चालू झाला आणि आम्ही तिकडून जायला लागलो, सिमेंटचा सरळ रस्ता, मालाच्या गाडीला ८० ची लिमिट, तिथं लक्षात आलं की ७० च्या वर गेलं की स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं. ७५ ते ८५ ला सगळ्यात जास्त, ६० ला खाली आणलं की गायब. ड्रायव्हर म्हणला भाऊ हाताला मुंग्या येतात भिवंडीपर्यंत.

नाशिकच्या बाहेर हायवेला लागूनच एक मोठं गॅरेज आहे, नाव लिहीत नाही, केस चालू आहे. बाहेर अलाइनमेंटचा बोर्ड, आत लिफ्ट, एसीचं केबिन, म्हणलं चांगलं काम करत असतील. माणूसही गोड बोलणारा. मी फक्त एवढंच सांगितलं की ७५ च्या पुढे स्टिअरिंग व्हायब्रेट होतंय, त्याने एक प्रश्न विचारला नाही, ब्रेक मारल्यावर होतं का, सीटमध्ये जाणवतं का, काही नाही, डायरेक्ट "दादा टायरॉड गेलेत, बघून घेतो." टायरॉड म्हणजे स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणारा दांडा.

मला केबिनमध्ये बसवलं आणि थोड्या वेळाने बोलावलं "या, प्ले दाखवतो", प्ले म्हणजे ढिलेपणा. गाडी लिफ्टवर, पोरगं खाली उभं. त्याने टायरॉड मुठीत धरला आणि स्क्रू पिळावा तसा इकडेतिकडे पिळला. रॉड हलला. "बघा शेठ, मोकळा झालाय, हायवेला निघून आला तर?" मग चाक वरून-खालून धरून हलवलं, तेही खडखड हललं. "बेअरिंग पण संपलंय." आता डोळ्यासमोर हलताना दिसतंय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल, गाडीवर ड्रायव्हर असतो, त्याच्या घरी पोरंबाळं आहेत.

हे दोन्ही डाव मला नंतर कळले म्हणून इथं नीट लिहितो. टायरॉड एंडमध्ये, म्हणजे रॉडच्या टोकाच्या जॉइंटमध्ये, आत बॉल असतो, त्यामुळे रॉड स्वतःभोवती थोडा पिळला जाणारच, नवीन कोऱ्या पार्टलाही तो पिळला जातो, त्याला प्ले म्हणत नाहीत. खरा प्ले बघायचा तर एकाने स्टिअरिंग हळूहळू डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने जॉइंटवर बोट ठेवायचं, आत ठक ठक लागलं, बॉल आपल्या घरात सरकताना जाणवला तर पार्ट गेला. किंवा चाक ९ आणि ३ वाजता धरून हलवायचं. बेअरिंग बघायचं तर १२ आणि ६ वाजता धरायचं, पण त्याच्या आधी चाकाचे नट टाईट आहेत का ते आपल्या हाताने पान्याने बघायचं, कारण नट ढिले केले की कुठलंही चाक खडखडतं. मला केबिनमध्ये कशाला बसवलं होतं ते तुम्हीच समजून घ्या.

बिल असं झालं. टायरॉड एंड दोन्ही बाजूचे ३,२००, बेअरिंग २,८००, स्टिअरिंगचं सील किट आणि तेल २,६००, मजुरी ३,५००, अलाइनमेंट ७००. एकूण १२,८००, तेही साध्या वहीच्या कागदावर, "पक्क्या बिलाला जीएसटी लागेल शेठ, उगाच कशाला". जुने पार्ट मागितले तर म्हणे भंगारात गेले, भंगाराची गाडी येऊन गेली.

पैसे द्यायच्या आधी मी म्हणलं हायवेला ट्रायल घेऊ. तो लगेच तयार! त्याच्याबरोबर बसून ८५ पर्यंत नेली आणि स्टिअरिंग एकदम शांत, एका बोटावर गाडी. मग मी फोनवरून पैसे टाकले.

दुसऱ्या दिवशी माल भरून समृद्धीला लागलो तर स्टिअरिंग शांतच होतं पण आता सीट थरथरायला लागली. बुडाखालून घुं घुं, मागच्या हौद्यातून आवाज, आणि स्पीड तोच, ७५ ते ८५. व्हॉट्सॲपवर विचारलं तर व्हॉइस नोटमध्ये म्हणाला "हां, आता शाफ्टचं काम निघालं असेल, क्रॉस गेला असेल, घेऊन या, शाफ्ट काढून बॅलन्स करून देतो, आठ-नऊ हजारात होईल." शाफ्ट म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांना नेणारा दांडा, क्रॉस म्हणजे त्याचा जॉइंट. तिथं माझ्या डोक्यात पाल चुकचुकली. पुढचं दुखणं मागे कसं गेलं? आणि स्पीड बरोबर तोच कसा?

पिंपळगावला आमचा जुना टायरवाला आहे, सगळे त्याला चाचाच म्हणतात. मशीन जुनं, दुकान म्हणजे पत्र्याची टपरी. त्याला सांगितलं तर त्याने आधी विचारलं, ब्रेक मारल्यावर वाढतं का? नाही. म्हणजे ब्रेकच्या डिस्कचं नाही. रेस दिल्यावरच होतं का? नाही. मोकळ्या सपाट रस्त्यावर ८० ला न्यूट्रल करून बघितलं का, इंजिन चालू ठेवून? किल्ली फिरवायची नाही हं, किल्ली बंद केली की पॉवर स्टिअरिंगही जातं आणि ब्रेकही दगडासारखा होतो. आम्ही बघून आलो, न्यूट्रललाही थरथर तशीच. म्हणजे दोष इंजिनचा नाही, त्याच्या माउंटिंगचाही नाही, चाकाबरोबर फिरणारं काहीतरी आहे.

मग चाचाने मागचं उजवं चाक जॅकवर घेतलं, टायरच्या जवळ एक वीट ठेवली, विटेवर खडू धरला, टायरला जेमतेम टेकेल न टेकेल असा, आणि चाक हाताने फिरवलं. खडू एकाच जागेवर घासला, वीतभर पट्टा पांढरा झाला, बाकी टायर काळाच. तिथं हात फिरवला तर रबराखाली टेंगूळ लागत होतं, आणि समोरून बघितलं तर टायरची नक्षी त्या जागेला सापासारखी वळत होती. आतला तारेचा बेल्ट सुटला होता. चाचा म्हणाला "ये टायर पीछे कबसे है?" ड्रायव्हर म्हणाला हे टायर मागचं नाहीच.

आता इथं आमच्या ड्रायव्हरचे आभार. मागे एकदा आमची स्टेपनी चोरीला गेली होती तेव्हापासून तो डायरीत प्रत्येक टायरचा नंबर आणि जागा लिहून ठेवतो, पुढे डावं, पुढे उजवं असं. डायरी काढली. बेल्ट सुटलेलं टायर पुढच्या डाव्या बाजूचं होतं! गॅरेजवाल्याने गुपचूप पुढचं टायर मागे टाकलं आणि मागचं चांगलं पुढे आणलं. म्हणूनच ट्रायलला स्टिअरिंग शांत. म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं की रोग टायरमध्ये आहे, तरी त्याने बाकीचे पार्ट विकले, आणि थरथर मागे ढकलून शाफ्टचं पुढचं गिऱ्हाईकही तयार करून ठेवलं.

पैशाचं एक वेळ सोडा. बेल्ट सुटलेलं टायर मागे, त्याच्यावर दीड टनाचा लोड, उन्हात तापलेलं सिमेंट आणि ८० चा स्पीड. टायर फुटून समृद्धीवर काय काय झालंय ते सगळ्यांनी बातम्यात बघितलंय. ते टायर कुठल्याही फेरीला फुटू शकत होतं आणि आत माझा ड्रायव्हर बसलेला. हे माहीत असून त्याने गाडी सोडली, याचा राग जास्त आहे.

पुढे चाचानेच टायरॉड बघितले. दोन्ही काळ्या पेंटने चकाचक, नखाने खरवडलं तर पेंटखाली जुनं ग्रीस आणि धूळ. जॉइंटवरच्या रबरी बूटला भेगा पडलेल्या, भेगांमध्येही पेंट गेलेला. नवीन होती ती फक्त नट अडकवणारी स्प्लिट पिन. म्हणजे माझेच टायरॉड डिझेलने धुवून रंगवून मला ३,२०० ला विकले. बेअरिंग बदललं की नाही ते उघडून बघायची इच्छाच राहिली नाही.

पुतण्या डिप्लोमाला आहे मेकॅनिकलच्या, त्याने गणित करून दाखवलं. आमचं टायर २१५/७५ आर १५, ताशी ८० ला ते सेकंदाला साधारण दहा वेळा फिरतं. रिमवर एका बाजूला नुसतं ५० ग्रॅम जास्त असलं तर त्या स्पीडला ते जवळजवळ चार किलोच्या जोराने ओढतं, सेकंदाला दहा वेळा, आणि स्पीड दुप्पट झाला तर जोर चौपट. त्यातून एका ठराविक स्पीडला हे धक्के आणि स्टिअरिंगची आपली लय जुळते म्हणून तिथं सगळ्यात जास्त थरथरतं आणि पुढे गेलं तर कमीही होतं. म्हणून ठराविक स्पीडला थरथर म्हटलं की पहिलं चाकच बघायचं. शेतातून गाडी काढल्यावर रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसतो तेवढाही पुरतो, आधी पाण्याने रिम धुवा, फुकटात काम होतं. मग बॅलन्सिंगसाठी रिमला लावलेलं वजन पडलंय का बघा, मग बॅलन्सिंग करून घ्या. अलाइनमेंट वेगळं, त्याने गाडी एका बाजूला ओढायची थांबते, टायर एका बाजूने खायचा थांबतो, पण अशी थरथर सहसा अलाइनमेंटने जात नाही, तरी ७०० घेतातच. आणि हे लक्षात ठेवा की बेल्ट सुटलेलं किंवा अंड्यासारखं झालेलं टायर बॅलन्सिंगच्या मशीनवर झिरो दाखवू शकतं, वजन बरोबर पण आकार वाकडा, त्यामुळे बॅलन्सिंग करूनही थरथर राहिली तर खडू लावून बघा. पुढची चाकं मागे टाकून बघणं ही चांगली टेस्ट आहे, मेकॅनिक लोक करतातच, पण ती तुम्हाला सांगून करतात. स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढचं चाक, सीट थरथरत असेल तर मागचं चाक किंवा शाफ्ट, मोघम तरी असंच.

नवीन टायर घेतलं तेव्हा ते कधी बनलं त्याचा चार आकडी नंबर बघूनच घेतलं, पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष, बऱ्याचदा तो आतल्या बाजूला असतो म्हणून टायर फिरवून बघावं लागतं. टायर बसवून बॅलन्सिंग केलं आणि थरथर गेली, समोरही नाही मागेही नाही. शाफ्टला हातही लावला नाही.

नंतर डायरी आणि फोटो घेऊन गॅरेजला गेलो तर पहिले ओळखच दाखवेना, मग म्हणे पोरांनी चुकून टायर अदलाबदल केलं असेल, मग आवाज चढवला. पक्कं बिल नाही पण पैसे फोनवरून त्याच्या खात्यात गेलेत तो मेसेज आहे, वहीच्या कागदावर त्याच्याच हाताने लिहिलेले पार्टचे आकडे आहेत, आणि शाफ्टच्या कामाचं तो व्हॉट्सॲपवर बोलला ती व्हॉइस नोट आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय. २०१९ च्या कायद्यात पाच लाखापर्यंत फी नाही आणि दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो. धंद्याची गाडी आहे म्हणून चालत नाही असं काही लोक सांगतात, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेल्या वस्तूला कायद्यात सूट आहे, वकिलाला विचारून घ्या. तुमच्याकडे गाडी द्यायच्या आधीचे फोटो हवेत, चारही टायरचे नंबर, नंबरप्लेट दिसेल असे, आणि किलोमीटरचा आकडा. जुने पार्ट गाडीतच ठेवायला लावायचे, हे काम चालू व्हायच्या आधी सांगायचं, नंतर भंगाराची गाडी येऊन गेलेली असते.

परवा त्याचा एका माणसाकडून निरोप आला, निम्मे घ्या आणि विषय मिटवा. मी सांगितलं पूर्ण १२,८०० आणि ते टायर मागे का टाकलं ते लिहून द्यायचं, त्यावर अजून काही उत्तर नाही. टायर शेडमध्ये तसंच ठेवलंय खडूच्या खुणेसकट, भंगारवाला मागत होता, त्याला म्हणलं आयोगाचा निकाल लागला की घेऊन जा.