टर्बो सात सीटर : घाटात भारी, मागच्या सीटवर अवघड

घरी आई-आप्पा, पोरं, आणि कुठं निघालो की काकू पण येतेच की ओ, म्हणून टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असलेली पेट्रोलची सात सीटर गाडी घेतली. फुल लोड, एसी चालू, तरी निपाणीकडचा तवंदी घाट निवांत चढते. पण जांबोटी सोडून चोर्ला घाटाकडं लागलं की वळणावर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) १५०० च्या खाली गेला तर टर्बो झोपतोय, पाय दाबला तरी क्षणभर काहीच नाही आणि मग एकदम झटका, त्यामुळं एक गिअर आधीच खाली घ्यायचा. मागची सीट पोरांचीच, काकू बसली तर गुडघे छातीला. ती सीट उघडली की डिकीत कुंद्याचा डबा आणि दोन पिशव्या, बस्स. पेट्रोल पितेय बघा, दामटली तर जास्तच. आणि घाट चढून लगेच बंद करू नका, थोडा वेळ आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) ठेवा, टर्बो गार होऊ दे.