सोसायटीसाठी एईडी: बटणाचं घ्यावं की आपोआप शॉक देणारं?

एईडी म्हणजे अचानक कोसळलेल्या माणसाच्या हृदयाची बिघडलेली लय विजेच्या झटक्यानं (शॉकनं) सुधारणारं यंत्र. ते घ्यायचं ठरलं की मीटिंगमध्ये पहिला प्रश्न हाच येतो: सेमी-ऑटोमॅटिक की फुल्ली ऑटोमॅटिक? हृदयाची लय तपासणं आणि शॉकची गरज आहे का ते ठरवणं, हे दोन्ही यंत्रं स्वतःच करतात. फरक फक्त शेवटच्या पायरीत आहे. सेमीमध्ये लुकलुकणारं बटण माणसानं दाबायचं असतं. फुल्लीमध्ये ते बटणच नसतं. 'लांब व्हा' असं सांगून ते स्वतः शॉक देतं. नुसती चक्कर आलेल्याला चुकून शॉक बसेल, ही भीती दोन्हींच्या बाबतीत मनातून काढून टाका. शॉकनं सुधारण्यासारखी लय सापडली नाही, तर सेमीचं बटण दाबूनही काही होत नाही आणि फुल्लीही शॉक देत नाही.

आता रात्री दोनची वेळ धरा. वॉचमन एकटा आहे, समोर माणूस पडलाय आणि बटण लुकलुकतंय. अशा वेळी हात थबकतो. थोडा वेळ बटण दाबलं गेलं नाही, तर बहुतेक यंत्रं साठवलेली वीज आतल्या आत सोडून देतात आणि छाती दाबायला सांगतात. लयीची पुढची तपासणी सुमारे दोन मिनिटांनी. छातीवर दाब आणि शॉक यातलं काहीच मिळालं नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला 7 ते 10 टक्क्यांनी घटते. म्हणून शॉकविना गेलेली ही दोन मिनिटं फार महाग पडतात. फुल्लीमध्ये हा धोका नाही.

पण घरात बायकोनं हात घट्ट धरलेला असतो, मुलानं डोकं मांडीवर घेतलेलं असतं. फुल्ली त्यांच्यासाठी थांबत नाही. सेमीमध्ये डोक्यापासून पायापर्यंत एकदा नजर फिरवून मगच बटण दाबता येतं. म्हणून जिममध्ये, कारखान्यात, जिथे यंत्र वापरायला शिकलेली माणसं हमखास हजर असतात, तिथे सेमी घ्या. एजन्सीचे वॉचमन सतत बदलत असतील, तर आमचं मत फुल्लीकडे झुकतं. अट एकच: यंत्र कोणत्या भाषेत बोलतं ते पैसे देण्याआधी प्रत्यक्ष ऐका. 'लांब व्हा' हे समोरच्याला कळलंच नाही, तर फुल्ली घेऊ नका.

लास व्हेगासच्या कसिनोंमधला 2000 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे फार मोलाचा आहे. तिथे शॉक डॉक्टरांनी नव्हे, प्रशिक्षित सुरक्षारक्षकांनी दिले. कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत शॉक मिळालेल्यांपैकी 74 टक्के वाचले, त्यानंतर मिळालेल्यांपैकी 49 टक्के. म्हणून घड्याळ लावून बघा: बाराव्या मजल्यावरून लिफ्टनं खाली, यंत्र घेऊन परत वर, किती वेळ लागतो? उंच इमारतीत एक यंत्र गेटवर ठेवून भागत नाही. आणि ऑफिसच्या कुलुपात ठेवलेलं यंत्र रात्री नसल्यातच जमा.

देखभाल दोन्हींची सारखीच. यंत्र स्वतःची चाचणी घेतं, पण त्याचा हिरवा दिवा रोज बघणारा माणूस नेमावा लागतो. छातीवर चिकटवायच्या, शॉक देणाऱ्या पॅडची मुदत साधारण दोन ते चार वर्षांत संपते, जेल सुकलं की ते नीट चिकटत नाहीत. पत्र्याच्या तापलेल्या केबिनमध्ये यंत्र ठेवू नका. नव्या पॅडचा आणि बॅटरीचा भाव आजच लेखी घ्या.

पिशवीत कात्री, रेझर आणि कोरडा नॅपकिन हवाच. घामानं ओल्या किंवा दाट केसांच्या छातीवर पॅड धरत नाही. मंगळसूत्र काढत बसू नका, बाजूला सरकवा. एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेखाली बरगड्यांवर. कातडीखाली बसवलेल्या पेसमेकरचा उंचवटा दिसला तर पॅड त्यापासून चार बोटं दूर लावा.

यंत्र आणायला एक जण धावला, तरी दुसऱ्यानं 108 ला फोन करून स्पीकर चालू ठेवायचा आणि छाती दाबायला लागायचं: मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल. पॅड लावतानाही दाबणं थांबवू नका; यंत्र 'हात लावू नका' म्हणेल तेव्हाच हात उचला. शॉक बसला की नाडी शोधत न बसता लगेच पुन्हा दाबा. माणूस शुद्धीवर आला तरी पॅड काढू नका, यंत्र बंद करू नका. रुग्णवाहिकेतले लोक येईपर्यंत ते तसंच राहू द्या.