चिकूच्या डोळ्यापायी २३,८०० रुपये गेले. ऐरोली-घणसोलीकरांनो, सावध राहा!

आमचा चिकू शिह त्झू जातीचा कुत्रा, सहा वर्षांचा. त्याचा उजवा डोळा वर्षभर छळतोय. लाल होतो, सकाळी पापण्या पिवळ्या चिपडांनी चिकटलेल्या असतात. ड्रॉप्स घातले की आठ दिवस बरं, मग पुन्हा तेच. चौथ्यांदा तसं झालं तेव्हा मी अगदी रडकुंडीला आले होते. त्यातच सोसायटीच्या ग्रुपवर ‘पेट आय स्पेशालिस्ट, घरी येऊन तपासणी’ असा मेसेज आला आणि मी फोन केला.

निळा डॉक्टरी ड्रेस, गळ्यात स्टेथोस्कोप, "ताई, आता काळजी सोडा." व्हिजिटचे १,५०० जीपेवर घेतले. मोबाईलच्या टॉर्चने डोळा पाहिला आणि ‘इम्पोर्टेड’ ड्रॉप्सच्या तीन बाटल्या दिल्या, ७,८०० रुपयांना. बाटल्यांवर नुसतं पांढरं स्टिकर. बॅच नंबर नाही, एक्स्पायरी नाही. मी विचारलंसुद्धा! "बाहेरून येतात ना, म्हणून आमचं लेबल," म्हणाला, आणि मी गप्प बसले. मुलांच्या खोकल्याच्या औषधाची तारीख मी दोनदा वाचते. त्याला तिथेच दाराबाहेर काढायला हवं होतं. आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो.

पण तीन दिवसांत लाली गेली हो! डोळ्यांदेखत फरक दिसल्यावर कोण संशय घेईल? मग त्याचा फोन आला: आतली नळी बंद आहे, लेझर केलं की कायमचं बरं, मशीन बुक करायला १४,५०० आगाऊ. तेही पाठवले. त्यानंतर नंबर बंद.

नवव्या दिवशी चिकूला डोळा उघडवेना, बुबुळावर निळसर झाक आलेली. त्या रात्री बाटली कोमट पाण्यात ठेवून मी नखाने स्टिकर सोलत बसले. खाली माणसांच्या ड्रॉप्सचं लेबल, डेक्सामेथासोन. म्हणजे स्टेरॉइड. लाली दबते ती त्याने, पण बुबुळावर जखम असली तर ती आणखी खोल जाते.

दुसऱ्या दिवशी परळला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवली आणि एक मिनिट घड्याळ लावलं. ओल जेमतेम ४ मिलिमीटर चढली. निरोगी डोळ्यात ती १५ च्या पुढे जाते. मग रंगाचा थेंब टाकला, निळ्या उजेडात व्रण हिरवा चमकला. मूळ दुखणं ड्राय आय, अश्रूच कमी. व्रणावर वेगळे उपचार, आणि ड्राय आयला सायक्लोस्पोरिनचं मलम दिवसातून दोनदा, बहुधा जन्मभर. डोळा वारंवार येत असेल तर ही पट्टी लावायला सांगाच. न लावता जो औषध देईल, त्याला पैसे देऊ नका.

आता तक्रारीचं ऐका. चौकीत पहिला प्रश्न, "कुत्र्याच्या डोळ्याला तेवीस हजार?" आणि शेजारचा हसला. माझं जनावर आंधळं व्हायची वेळ आली होती आणि हे हसतायत! तिथून सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत, ओटीपी कुठे चोरलाय? बँकेचंही तेच. एका सरकारी कार्यालयात तर, तो आमच्याकडे नोंदलेला डॉक्टरच नाही, मग आम्ही काय करणार, असं सांगितलं. अहो, नोंदलेला नाही हीच तर तक्रार आहे! १९८४ च्या पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणीशिवाय असे उपचार करताच येत नाहीत. तीन रजा गेल्या, हातात फक्त पोच.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन मी नऊ दिवसांनी केला, तोवर खातं रिकामं. तुम्ही त्याच तासाला करा. डॉक्टर दारात आला की आधी नोंदणी क्रमांक मागा. माणसांचे उरलेले ड्रॉप्स कुत्र्याला घालू नका.

अर्धवट सोललेली ती बाटली मी जपून ठेवली आहे. रबाळे, घणसोली, ऐरोलीत कुणाकडे तसल्या पांढऱ्या स्टिकरची बाटली असेल तर फेकू नका, मला कळवा. दुसरा अर्ज सगळ्यांच्या सह्यांनी देऊ.