साताऱ्यात ‘आपल्या विचाराचा’ एरिया शोधून देणारे एजंट काका : रिव्ह्यू

बदली होऊन साताऱ्यात आलो, भाड्याचं घर एका एजंटकडून घेतलं, त्यांच्या सर्व्हिसबद्दल लिहितेय. ऑफिस पोवई नाक्याच्या आसपास आहे, नाव देत नाही कारण पुढं थोडं वाकडंही लिहिणार आहे. पाचपैकी साडेतीन. दलाली एक महिन्याचं भाडं, त्यात रुपया कमी होत नाही, विचारून बघू नका.

पाणी, पार्किंग, हवेशीर खोल्या हे सगळ्यांनाच लागतं. आमच्या अटी जरा वेगळ्या होत्या. आमचं लग्न आंतरजातीय, रजिस्टर, तो जिन्यातल्या गप्पांचा विषय होऊ नये. रविवारी मटण शिजलं तर कोणी खिडक्या लावून घेऊ नयेत. आणि सासूबाई आमच्याकडंच असतात, सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, तर त्यांना हळदीकुंकवाच्या वेळी कोणी हळूच बाजूला काढू नये. हे सगळं फोनवर ऐकून काका म्हणले, "मॅडम, तुम्हाला घर पाहिजे का चळवळ?" मी म्हणलं दोन्ही असलं तर बघा की. हसले, पण लिहून घेतलं, हे महत्त्वाचं.

चांगलं आधी सांगते. एरियाची माहिती जबरदस्त. कुठल्या भागात कासचं पाणी येतं, कुठं टँकर बोलवावा लागतो, शाहूपुरी-विलासपूर 2020 च्या हद्दवाढीत पालिकेत आलं पण तिथल्या कुठल्या गल्लीत गटार अजून तसंच आहे, सगळं तोंडपाठ. कुठलं मंडळ वर्गणीला दार वाजवतं आणि कुठलं दारात अडून बसतं हेही सांगतात. स्पीकरच्या भिंती कुठं लागतात ते तर न विचारता सांगितलं.

वाकडं हे की आमचा पहिलाच फोन "आडनाव काय?" ने सुरू झाला. नवऱ्याचं सांगितलं तर "आणि तुमचं माहेरचं?" कशाला पाहिजे विचारलं तर म्हणाले मालक विचारतात, मी आधीच गाळून देतो, तुमचा हेलपाटा वाचतो. आता यात त्यांचा वैयक्तिक काही द्वेष नाहीये, धंदा आहे, पण गाळणी त्यांच्याच हातात आहे ना, म्हणजे आम्हाला न दाखवलेली घरं किती होती ते आम्हाला कधी कळणारच नाही. दीड स्टार तिथंच गेला.

पहिलं घर पेठेत, जुन्या वाड्यातला वरचा मजला, लाकडी जिना, उजेड भरपूर, मी बघताक्षणी हो म्हणायच्या बेतात होते. मालकीणबाईंनी चहा दिला आणि चहाबरोबर आडनाव, गाव, कुलदैवत, सगळं विचारलं. मग "वरती स्वैपाकघराला लागूनच देवघर आहे हो आमचं" असं म्हणून विषय संपला. तिथून जुन्या राजवाड्यातलं प्रतापसिंह हायस्कूल चालत जाण्याच्या अंतरावर आहे. 7 नोव्हेंबर 1900 ला आंबेडकरांचं नाव तिथं दाखल झालं, आता सरकार तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतं, मालकीणबाईंची नात त्याच दिवशी भाषण करते म्हणे, बक्षीसही मिळालंय. चहा चांगला होता.

दुसरं घर काकांनी फार कौतुकाने दाखवलं. शहराच्या कडेची कॉलनी, बरेचसे रिटायर्ड शिक्षक, "तुमच्या विचाराची माणसं आहेत सगळी". खरंच हॉलमध्ये फुल्यांचा फोटो, पुस्तकांची कपाटं, मालक दाभोलकरांची व्याख्यानं ऐकलेले. जातीबद्दल चकार शब्द नाही. आम्ही टोकनचं बोलायला लागलो तेव्हा सहज म्हणाले की गेल्या आठवड्यात एक मुसलमान फॅमिली आली होती, चांगली होती, दोघं डॉक्टर, पण कॉलनीतल्यांचं म्हणणं पडलं की नको. हे आम्हाला दिलासा म्हणून सांगत होते! नवऱ्याने माझ्याकडं बघितलं, टोकनचा विषय आम्ही तिथंच सोडला. काका गाडीत म्हणाले, "तुम्हाला तर देत होते की." हो, तेच तर.

पक्षाचं म्हणाल तर साताऱ्यात पक्ष बघून गल्ली निवडायचा विचार सोडूनच द्या. इथं वर्षानुवर्षं प्रश्न एकच होता, जलमंदिर का सुरुची, म्हणजे उदयनराजेंचा बंगला का शिवेंद्रराजेंचा, आणि 2019 ला दोन्ही राजे एकाच पक्षात, भाजपमध्ये गेले, आता काय बघणार. काकांचं मत, झेंडा निवडणुकीपुरता असतो, पाण्याचा टँकर आला की सगळे एका लाइनीत. पूर्ण पटत नाही मला, पण त्यांचा अनुभव जास्त.

शेवटी घेतलं ते सदर बझारमध्ये. इंग्रजांच्या काळातला कॅम्पचा भाग, सरकारी नोकरीवाले येऊन-जाऊन असल्यामुळं असेल, पण भाडेकरूची सवय आहे लोकांना. बिल्डिंगमध्ये आमच्या बरोब्बर विरुद्ध मताचे दोन फ्लॅट आहेत, गॅलरीत झेंडा, ग्रुपवर सकाळी-सकाळी फॉरवर्ड, नवरा उत्तर द्यायला लागला की मी फोन काढून घेते. पण संक्रांतीला त्यातल्याच एका काकू वर आल्या आणि सासूबाईंना "चला, तिळगूळ घ्यायला" म्हणून हाताला धरून घेऊन गेल्या, कुंकू लावलं, वाण दिलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने 2022 ला विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला त्यानंतर सरकारचं परिपत्रक निघालं, ते या काकूंनी वाचलं असेल असं वाटत नाही. सासूबाई पहिल्यांदा नको नको म्हणत होत्या. फॉरवर्ड मात्र अजून येतात, त्यातले काही इतके विखारी असतात की मी ग्रुप म्यूट केलाय. आणि तळमजल्यावरच्या कामवाल्या मावशींना बाहेर जिन्यातच चहा देतात, त्यावरून माझं एकदा वाजलंय, पुन्हा वाजणार.

कागदपत्रांची सर्व्हिस एक नंबर. करार रजिस्टर केला, घरी येऊन अंगठे-फोटो घेतले, पोलिसांची भाडेकरू नोंद त्यांनीच भरून दिली. सोसायटी घरमालकाकडून भाडेकरू ठेवल्याचे भरमसाट जादा पैसे मागत होती आणि मालक ते आमच्या गळ्यात मारत होते, तेव्हा काकांनी सरळ सांगितलं की सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांच्या वर घेता येत नाही. सेक्रेटरी गप्प झाले. अर्धा स्टार वाढवायचा विचार होता, पण नंतर माझ्या मैत्रिणीला, ती मुसलमान आहे, त्यांनी "मॅडम बघतो" म्हणून परत फोनच केला नाही, म्हणून साडेतीनच.

तुम्ही जाणार असाल तर काय चालणार नाही ते पहिल्या फोनवरच सांगा, आणि घर बघताना मालकाला विचारा की आधी कोणाला नाही म्हणलंत. दुपारी दोन ते चार फोन उचलत नाहीत, आणि ऑफिसला जायचं तर नाक्यावर पार्किंग मिळत नाही, चालतच जा.