३५ सेकंदांची सवलत: मित्रांबरोबरच्या रेसिंगमध्ये नऊ महिने वापरलेला हँडिकॅप

आम्ही चौघं आठवड्यातून दोनदा रात्री हेडसेट लावून ग्रॅन टुरिस्मो ७ या कार रेसिंग गेमच्या लॉबीत, म्हणजे ऑनलाइन खोलीत, भेटतो. आमच्यातला एक मित्र शाळेत असल्यापासून रेसिंग खेळतोय. त्याच्याकडे स्टिअरिंग व्हील आहे, पेडल्स आहेत आणि प्रत्येक ट्रॅकवर ब्रेक कुठे मारायचा हे त्याच्या पायाला पाठ आहे. दोघं मधले, ठीकठाक चालवणारे. चौथी मी. वर्षभरापूर्वी असला गेम पहिल्यांदा हातात घेतला, तोही साध्या कंट्रोलरवर.

पहिल्या महिन्यात मी दोन शर्यती जिंकले. दुसऱ्या वेळी शेवटच्या फेरीत सहज आरशात बघितलं. त्याची गाडी माझ्या मागे होती आणि आमच्यातलं अंतर हलत नव्हतं. मी वळणात घसरले तर तोही मागे रेंगाळायचा, मी सरळ पट्ट्यावर सुटले की तोही तेवढाच सुटायचा. शर्यत संपल्यावर विचारलं, "तू मुद्दाम हळू चालवतोयस ना?" तो म्हणाला, "अगं, तुलाही मजा यावी म्हणून." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, पण मला फार लागलं. लहानपणी धाकट्यांना खेळात घ्यायचे पण आऊट धरायचे नाहीत, ते कच्चं लिंबू मी इतक्या वर्षांनी पुन्हा झाले होते. त्या रात्री ठरलं की मुद्दाम हळू कोणी चालवायचं नाही. सवलत द्यायची तर ती आधी सगळ्यांसमोर ठरवायची आणि मग जीव तोडून खेळायचं.

ती सवलत कशी द्यायची हे सापडायला दोन-तीन महिने गेले. नऊ महिने वापरून आता ती चांगली अंगवळणी पडलीय, म्हणून सविस्तर लिहितेय.

सुरुवात सगळे करतात तिथूनच केली, मारिओ कार्ट ८ डिलक्सपासून. एका खोलीत बसून खेळायला याहून सोपं काही मला माहीत नाही. जो मागे पडतो त्याला रस्त्यावरच्या डब्यांतून दणकट वस्तू मिळतात, पुढच्याला केळ्याच्या सालीवर भागवावं लागतं. पहिल्या नंबरला शोधत जाऊन धडकणारं निळं कवच तर १९९६ च्या मारिओ कार्ट ६४ पासून आहे. शिवाय स्मार्ट स्टिअरिंग चालू केलं की गाडी रस्ता सोडत नाही, त्यामुळे अगदी नवखा माणूसही शर्यत पुरी करतो. त्याची किंमतही उघड असते. गाडीमागे छोटा अँटेना दिसतो आणि ड्रिफ्टमधून, म्हणजे वळणात गाडी घसरवत नेल्यावर, मिळणारा सगळ्यात वरच्या पायरीचा टर्बो (वेगाचा झटका) मिळत नाही. पाहुणे आले, लहान मुलं असली की आम्ही अजूनही हाच खेळ लावतो. पण मला शिकायचं होतं. तिथे जिंकले की ते कवचामुळे की चालवण्यामुळे, हे मलाच कळेना. आणि आमच्या वेगवान मित्राला लवकरच उमगलं की मुद्दाम मागे राहून चांगल्या वस्तू साठवायच्या आणि शेवटी सुटायचं, हेही एक तंत्र आहे. मुरलेले खेळाडू ते सर्रास वापरतात.

ग्रॅन टुरिस्मोच्या लॉबीत बूस्ट असतो, म्हणजे मागच्या गाड्यांना आपोआप जास्तीचा वेग मिळतो. तीन आठवडे तो चालू ठेवला. चौघांच्या गाड्या कायम एकमेकींना चिकटून असायच्या आणि बघायला ते छान वाटायचं. मग लक्षात आलं की पहिल्या चार फेऱ्या कशाही चालवल्या तरी चालतं. मी एकदा गवतात जाऊन अर्धी गिरकी घेतली, परत आले, आणि दीड फेरीत पुन्हा सगळ्यांत मिसळले. त्या चुकीची काही किंमतच नव्हती. तशीच मी एका वळणात नेमकी ओळ धरून काढलेली फेरीही फुकट गेली, कारण पुढे गेल्यावर मागचे पुन्हा ओढले जायचे. चूक आणि कौशल्य दोन्ही सारख्याच मोलाची झाली, तेव्हा आम्ही बूस्ट बंद केला.

मग गाड्या बदलून पाहिल्या. त्यातून मी जे शिकले ते आधी कोणी सांगितलं असतं तर खूप रात्री वाचल्या असत्या. आमची पहिली कल्पना अशी की मला वेगवान गाडी द्यावी आणि त्याला हळू. व्हायचं असं, की सरळ पट्ट्यावर मी त्याला मागे टाकायचे आणि वळणात नेमकी त्याच्यासमोर जाऊन ब्रेक दाबायचे. तो वळणात माझ्याहून कितीतरी वेगात, त्यामुळे दर फेरीला धडक. त्यात ताकदवान गाडी नवख्या माणसाला जास्तच जड जाते. वेग जास्त म्हणजे ब्रेक लवकर, चुकीला जागा कमी आणि गॅस जरा जास्त दाबला की मागची चाकं सुटणार. आमच्यातला फरक कमी व्हायचा सोडून वाढला. उलट सगळ्यांनीच साधी, कमी ताकदीची गाडी घेतली तेव्हा फरक आपोआप आकसला. तेव्हापासून चौघंही माझदा रोडस्टर चालवतो, २०१५ च्या एनडी पिढीची, १.५ लिटर इंजिनाची, १३१ पीएस (अश्वशक्ती) ताकदीची, ९९० किलोंची. ती चूक माफ करते आणि तरीही वेगात काढायची तर हात लागतोच.

वजन चढवणं हा खऱ्या शर्यतींतला जुना उपाय. जपानच्या सुपर जीटी मालिकेत मिळवलेल्या गुणांच्या हिशेबाने पुढच्या शर्यतीसाठी गाडीवर वजन चढतं. आम्ही त्याच्या गाडीवर बॅलास्ट चढवलं. १०० किलोंना फेरीमागे साधारण दीड सेकंद गेला, आणि आमच्यातलं अंतर त्याच्या कितीतरी पुढे होतं. टायरने जास्त काम केलं. त्याला कमी पकडीचे कम्फर्ट हार्ड, मला चांगल्या पकडीचे स्पोर्ट्स सॉफ्ट. गंमत म्हणजे हे त्याला मनापासून आवडलं. निसरड्या टायरवर गाडी सांभाळत नेणं हेच त्याच्या दृष्टीने खरं ड्रायव्हिंग. लांब शर्यतींना आम्ही अजून हे वापरतो. एक अडचण मात्र राहते. टायर वेगळे म्हणजे ब्रेकची जागा वेगळी, त्यामुळे त्याच्या मागे मागे जाऊन मला काही शिकता येत नाही. मी तर शिकायला त्याच्याकडेच बघत होते.

शेवटी जे टिकलं ते सगळ्यात साधं निघालं. गाडी तीच, टायर तेच, बूस्ट बंद, आणि हिरवा दिवा लागल्यावर वेगवान माणसाने जागेवर थांबायचं. स्क्रीनवर फेरीचं घड्याळ चालू असतं, ठरलेला आकडा आला की निघायचं. थांबणाऱ्याने जागचं हलायचं नाही, बाकीच्यांनी त्याला वळसा घालून जायचं. जो आधी रेषा ओलांडेल तो जिंकला. ऑस्ट्रेलियात १८७८ पासून चालत आलेली स्टॉवेल गिफ्ट नावाची १२० मीटरची धावण्याची शर्यत अशीच असते. तिथे प्रत्येक धावपटूची सुरुवातीची खूण वेगळी असते आणि शेवटची रेषा सगळ्यांना एकच.

त्याआधी आम्ही शर्यत संपल्यावर वेळ वजा करूनही बघितली होती. हिशेबाने ते अगदी तेच आहे, पण मजा शून्य. स्क्रीनवर चौथा नंबर दिसत असताना कोणी वहीत बघून "अगं, तू जिंकलीस" म्हटलं तर अंगावर काही येत नाही. रेषा डोळ्यांसमोर, गाडीच्या नाकाने ओलांडावी लागते.

सेकंद ठरवताना आम्ही मोठी चूक केली. ट्रॅक जपानमधला त्सुकुबा, फेरी २ किलोमीटरच्या जरा वर, शर्यत ५ फेऱ्यांची. दोघांच्या सर्वोत्तम फेऱ्या घेतल्या: त्याची १ मिनिट साडेनऊ सेकंद, माझी १ मिनिट १४. फरक साडेचार, पाच फेऱ्यांचे म्हणून साधारण २२ सेकंद. त्या सवलतीवर मी लागोपाठ सहा शर्यती मोठ्या फरकाने हरले. कारण उघड होतं, आम्हालाच उशिरा दिसलं. त्याची रोजची फेरी त्याच्या सर्वोत्तम फेरीच्या अर्ध्या सेकंदात असते. माझी सर्वोत्तम फेरी म्हणजे दहा-पंधरा फेऱ्यांत एकदा जमलेली गोष्ट, बाकीच्यांत कुठे वाळू, कुठे गवत. मग प्रत्येकाच्या शेवटच्या दहा फेऱ्या चुकांसकट लिहून काढल्या, वेळेच्या क्रमाने लावल्या आणि मधली घेतली. त्याची १:१०, माझी १:१७. सात गुणिले पाच, ३५ सेकंद. त्या रात्री पहिल्यांदा चौघंही शेवटच्या फेरीत एकमेकांना दिसत होतो. तुम्ही हे करून बघणार असाल तर सर्वोत्तम वेळ विसरा, नेहमीची वेळ धरा.

पुढचा नियम त्याने सुचवला. जिंकणाऱ्याची सवलत पुढच्या शर्यतीला २ सेकंदांनी कमी, शेवटच्याची २ ने जास्त. एवढंच. यामुळे पुन्हा हिशेब करावा लागत नाही. एखाद्याने सवलत वाढवायला मुद्दाम हळू चालवायचं म्हटलं तरी एका पडलेल्या शर्यतीचे मिळणार दोनच सेकंद. आधी आम्ही ५ ठेवले होते. तेव्हा निकाल लंबकासारखे झुलायचे, आज हा सहज जिंकतोय तर उद्या शेवटचा.

आता एक रात्र सांगते. सहावा महिना असेल, माझी सवलत तेव्हा १९ वर आली होती. हिरवा दिवा लागला, मी निघाले, हेडसेटमध्ये तो नेहमीसारखा मोठ्याने मोजत होता, "सतरा, अठरा, चला." तीन फेऱ्या माझ्यामागे कोणी नव्हतं. चौथ्या फेरीत आरशात लाल ठिपका आला. पाचव्या फेरीच्या दुसऱ्या हेअरपिनला (उलट फिरवणाऱ्या अरुंद वळणाला) त्याचे दिवे आरशात भरून आले. हेडसेटवर कोणी बोलेना, मधले दोघंही गप्प. मागच्या सरळ पट्ट्यावर तो माझ्या गाडीमागच्या, वारा कमी लागणाऱ्या आडोशात शिरला आणि बाजूला निघाला. शेवटचं लांबलचक उजवं वळण, त्यात मी नेहमी घाईने गॅस दाबते आणि गाडी बाहेर वाहत जाते. त्या दिवशी थांबले. मनात एक-दोन मोजलं, नाक आत वळलेलं दिसलं, मगच दाबला. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी बाहेर आल्या. मी ०.२ सेकंदांनी हरले. तो ओरडत होता, मीही ओरडत होते. तो पूर्ण ताकदीने आला होता आणि मी त्याला पूर्ण ताकदीने अडवलं होतं. आदल्या सगळ्या फुकटच्या जिंकण्यांपेक्षा हे हरणं मला जास्त प्रिय आहे.

त्रुटी आहेत, त्याही सांगते. पहिल्या दोन-तीन फेऱ्या जवळजवळ एकटीनेच चालवाव्या लागतात. चिकटून, चाकाला चाक लावून खेळायची आवड असेल तर हे कोरडं वाटेल. सवलत एका फेरीच्या अर्ध्याच्या पुढे गेली की सगळं विस्कटतं, कोण पुढे आणि कोण मागे तेच कळेनासं होतं. म्हणून फरक मोठा असेल तर शर्यत छोटी ठेवा. आम्ही दहा फेऱ्यांची ठेवून बघितली, सवलत ७० सेकंदांवर गेली आणि त्याची पुरी एक फेरी ग्रिडवरच, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरच, संपली. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या २०.८ किलोमीटरच्या नॉर्डश्लाइफेवर तर हा हिशेब लागूच पडत नाही. तिथे सत्तरहून जास्त वळणं आहेत, आणि ज्याला ती पाठ आहेत त्याच्यात आणि नवख्यात जे अंतर पडतं ते दर आठवड्याला बदलतं. गेममधल्या मदतींबद्दल माझं मत असं की ब्रेकची जागा दाखवणारी खूण जरूर ठेवा, आपोआप ब्रेक मारणारी मदत मात्र दोन-तीन आठवड्यांत बंद करा. ती बंद केली तेव्हा माझी सवलत पुन्हा ४ सेकंदांनी वाढली होती, पण महिन्याभरात ती आधीच्याहून खाली आली.

एक फायदा आम्ही धरलाच नव्हता. पहिल्या वळणावरची चेंगराचेंगरी संपली. सगळे वेगवेगळ्या वेळी तिथे पोचतात, त्यामुळे शर्यत सुरू होताच कोणाचं तरी वाटोळं होणं आणि मग आरोप-प्रत्यारोप, हे बंद झालं.

सवलतीचे आकडे मी पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलेत. ३५, ३७, ३३, मग महिनाभर तिथेच घोटाळलेले, मग २९, २४, १९. आज ११ आहे. मधल्या दोघांपैकी एकाची आणि माझी सवलत आता सारखी झालीय, आम्ही दोघं एकदमच निघतो.

गेल्या महिन्यात पाचवी मैत्रीण आली, अगदी नवी. तिच्या दहा फेऱ्या लिहून मधली काढली. पहिली ती निघणार, तिच्यानंतर १६ सेकंदांनी मी. म्हणजे मला पहिल्यांदाच ग्रिडवर थांबायचं होतं. ब्रेकवर बोट, समोर तिची गाडी लहान होत पहिल्या वळणात दिसेनाशी झाली, घड्याळात सहा, सात. नऊ महिने तो हे रोज करत होता. मी मोठ्याने मोजायला लागले.