गुडघ्याची झीज: स्टेम सेलचं इंजेक्शन की सांधेरोपण?

विड्या वळताना तासन्‌तास मांडी घातलेल्या बायका, यंत्रमागापाशी पाळ्या उभ्याने काढलेली माणसं. सोलापुरात गुडघे धरणाऱ्यांची कमी नाही. त्यांना कुणी "स्टेम सेलने ऑपरेशन टळेल" म्हटलं की आशा वाटणारच. पण पैसे भरण्याआधी एक्स-रेवर झीज कितव्या ग्रेडची आहे, हे विचारा. ग्रेड चार असतात, चौथीत झीज सर्वांत जास्त, आणि निम्मा निर्णय तिथेच होतो.

स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी, ज्यांपासून शरीरातल्या इतर पेशी घडतात. त्यांच्या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. एक, तुमच्याच हाडातला मगज किंवा पोटाची चरबी काढून गुडघ्यात टोचणं. अमेरिकेत 2023 साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे पावणेपाचशे रुग्णांच्या चाचणीत हे दोन्ही उपाय आणि नाळेतल्या पेशीही वर्षभरानंतर साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरल्या नाहीत. दुसरी, दात्यांच्या मगजातल्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी. बेंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सच्या 'स्टेमप्युसेल'ला भारतात 2022 मध्ये ग्रेड 2 आणि 3 साठी मंजुरी मिळाली. तिच्या 146 रुग्णांच्या चाचणीत वर्षभर दुखणं कमी राहिलं, हालचाल सुधारली. मात्र कूर्चेचं, म्हणजे सांध्यातल्या हाडांमधल्या गादीचं, घनफळ लक्षणीय वाढलं नाही. म्हणजे झिजलेली गादी पुन्हा भरून येते, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

चौथ्या ग्रेडला, हाडावर हाड घासत असताना आणि रात्रीही झोप लागत नसताना, मी सांधेरोपणच सुचवेन. 2017 पासून कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. बसवलेले बहुतेक सांधे वीस-पंचवीस वर्षं टिकतात. जंतुसंसर्गाचा थोडा धोका असतो, आठवडेच्या आठवडे व्यायाम करावा लागतो आणि पुढे मांडी घालणं, उकिडवं बसणं बहुधा सुटतं. जमिनीवर बसून काम करणाऱ्या बाईसाठी ही किंमत मोठी आहे, तिच्याशी आधीच बोला.

दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडला आधी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन. एक किलो उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार हलका होतो. तीन महिने नेटाने करूनही दुखत असेल आणि हातात पैसा असेल, तर मंजूर पेशींचा विचार करा. दागिने गहाण टाकून मात्र नको. डॉक्टरांकडून उत्पादनाचं नाव आणि मंजुरी लेखी मागा. ती द्यायला टाळाटाळ झाली, तर त्या दिवशी पैसे भरू नका आणि दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाला एक्स-रे दाखवा.